हक्कांचे कपाट

कायद्याने आरोपीला बरेच हक्क दिलेले आहेत. अटकेचे कारण समजण्याचा हक्क, वकिलाला भेटण्याचा हक्क, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांसमोर उभे राहण्याचा हक्क आणि काहीही न बोलता गप्प बसण्याचा हक्क. हे सर्व हक्क एका छोट्या पुस्तिकेत छापून पोलीस ठाण्याला पाठवण्यात आले होते. एकूण दोनशे प्रती, आणि त्या मुद्देमालाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद होत्या. कुलपाची किल्ली तीन वर्षांपूर्वी हरवली होती. त्यामुळे हक्कांच्या सुरक्षिततेत भरच पडली होती.

या तीन वर्षांत एकही तक्रार आली नाही. आरोपी येत होते, जात होते. आपल्याला काय मिळायला हवे होते हेच त्यांना ठाऊक नसल्यामुळे ते मिळाले नाही अशी कुरकूर कोणी करत नव्हते. सगळे सुरळीत चालले होते. मग एका सकाळी वरून पत्र आले. आरोपी हक्क अंमलबजावणी पाहणी समिती त्याच दिवशी दुपारी दोन वाजता ठाण्याला भेट देणार होती. हक्कपुस्तिका, वाटपाची नोंदवही आणि शक्य असल्यास एक आरोपी पाहणीसाठी तयार ठेवावा, असे त्यात म्हटले होते.

फौजदारांनी पत्र वाचले आणि मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराकडे पाहिले. हवालदाराने छताकडे पाहिले.

"किल्लीवाल्याला बोलवा," फौजदार म्हणाले.

किल्लीवाल्याचे दुकान बाजाराच्या वळणावर होते. दुकान कसले, पत्र्याचे खोके. तो आत बसला की गिऱ्हाईक बाहेर आणि गिऱ्हाईक आत आले की तो बाहेर. पण सव्वीस वर्षे तो तिथे बसत होता आणि त्याच्या पाठीमागच्या फळीवर अठ्ठावन्न खिळ्यांना अठ्ठावन्न किल्ल्या लटकत होत्या. या विकायच्या किल्ल्या नव्हत्या. गावाला जाताना, किल्ली हरवण्याच्या धास्तीने किंवा नुसत्या सवयीने लोक आपल्या घराची जादा किल्ली त्याच्याकडे ठेवून जात. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली असे. 'दातांचे डॉक्टर, मागचे दार', 'शाळेच्या बाई, वरचा मजला'. सकाळी दुकान उघडले की तो आधी ती फळी पुसायचा, मग स्वतःचा चष्मा. त्याने आयुष्यात जे काही कमावले होते ते त्या फळीवर टांगलेले होते, आणि हे त्याला पक्के माहीत होते.

त्याच्या कामाची एक रीत होती. त्याच्या उस्तादाने त्याला शिकवले होते की कुलूप उघडताना मोठ्याने मोजायचे. तोंड मोजण्यात गुंतले की डोके मध्ये लुडबुड करत नाही आणि हात आपले काम करतात. त्यामुळे तो कुठेही कुलूप उघडायला बसला की घरची माणसे भोवती जमत आणि एक, दोन, तीन ऐकत उभी राहत. शेवटचा आकडा तो जरा चढ्या आवाजात म्हणायचा. माणसाला एवढा तोरा चालतो.

ठाण्यात आल्यावर त्याने कुलूप पाहिले. दाबले की आपोआप बसणारे, जाडजूड, दिसायला रागीट आणि आतून भोळे. त्याने तारेचे दोन तुकडे काढले, मांडी घातली आणि मोजायला सुरुवात केली.

"...नऊ, दहा, अकरा!"

कुलूप त्याच्या हातात आले. हवालदार चकित झाला. फौजदारही चकित झाले, पण ते फौजदार असल्यामुळे त्यांचे चकित होणे लवकरच वेगळ्या दिशेला गेले.

"अकरा सेकंद?"

"हो साहेब. गंज नसता तर आठात झालं असतं," किल्लीवाला अभिमानाने म्हणाला. तेवढे वाक्य तो बोलला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कपाट उघडले. आतल्या खिळ्याला कपाटाची हरवलेली किल्ली टांगलेली होती. तिला चिठ्ठी होती, 'हरवू नये म्हणून आत ठेवली आहे'. अक्षर हवालदाराचे होते. खालच्या कप्प्यात एक मोडकी छत्री आणि हक्कपुस्तिका होत्या. हवालदाराने त्या दोनदा मोजल्या. एक्केचाळीस.

"नोंदवहीत दोनशे आहेत," फौजदार म्हणाले. "वाटप?"

"वाटप शून्य, साहेब."

"म्हणजे एकशे एकोणसाठ गेल्या. सरकारी मालमत्ता. पंचनामा करा."

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक पंच समोरच्या चहाच्या टपरीतून आणला. दुसरा शोधायला वेळ नव्हता, समिती दोन वाजता यायची होती. तेव्हा हजर असलेला इसम म्हणून किल्लीवाल्यालाच पंच क्रमांक दोन करण्यात आले. कपाट आपल्यासमक्ष उघडले, त्यात पुस्तिका कमी आढळल्या, यावर त्याने सही केली. सही करताना त्याला बरे वाटले. सरकारी कागदावर आपली सही रोज थोडीच लागते.

सही वाळायच्या आत फौजदारांनी विचारले, "हे कपाट किल्लीशिवाय उघडू शकेल असा माणूस गावात कोण कोण आहे?"

"मीच एकटा," पंच क्रमांक दोन म्हणाला.

"लिहून घ्या," फौजदार म्हणाले.

बाराच्या ठोक्याला किल्लीवाला आरोपी क्रमांक एक झाला. पंचपद मात्र त्याच्याकडेच राहिले, कारण पंचनामा फाडता येत नाही.

"पण साहेब, मी काय केलं?" त्याने विचारले.

"अटकेचं कारण समजणं हा तुझा हक्क आहे," फौजदार गंभीरपणे म्हणाले. "ते सगळं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. नियमाप्रमाणे अटकेच्या वेळी तुला एक प्रत द्यायची."

"मग द्या की."

"कशी देणार? त्या आता मुद्देमाल झाल्या. गुन्ह्यातला पुरावा आरोपीच्या हातात देता येतो का?"

हवालदाराने एक्केचाळीस पुस्तिका पुन्हा कपाटात ठेवल्या, मुद्देमालाच्या यादीतल्या बाकीच्या वस्तूही ठेवल्या, कुलूप दाबून बसवले आणि त्यावर लाखेचा शिक्का मारला. एवढ्या व्यवस्थितपणे त्याने गेल्या तीन वर्षांत काही केले नव्हते.

दोन वाजता समिती आली. तीन सदस्य, तिघांच्या हातांत फायली. ठाण्यात एक आरोपी प्रत्यक्ष उपलब्ध आहे हे पाहून अध्यक्षांना फार आनंद झाला. मागच्या चार ठाण्यांत त्यांना रिकाम्या कोठड्या पाहाव्या लागल्या होत्या.

"तुम्हाला हक्क मिळाले का?" अध्यक्षांनी गजाआड डोकावत विचारले.

"नाही साहेब."

"साहेब, ते यानेच नेलेत," फौजदार म्हणाले. "एकशे एकोणसाठ प्रती."

अध्यक्षांनी फाईल उघडली. सदस्यांची कुजबुज झाली. मग त्यांनी मोठ्याने वाचत अभिप्राय लिहिला, "सदर ठाण्यात हक्क आरोपीपर्यंत पोहोचलेले आहेत. एकाच आरोपीने एकशे एकोणसाठ पुस्तिका नेल्याचे दिसून येते, यावरून आरोपींमध्ये हक्कांविषयी उल्लेखनीय जागृती आहे. ठाण्याचे अभिनंदन." समितीने चहा घेतला आणि ती पुढच्या ठाण्याला रवाना झाली.

संध्याकाळी सरकारी बचाव वकीलबाई आल्या. वयाने तरुण, हातात जाड पुस्तक, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघण्याची सवय. त्या दिवसभरात किल्लीवाल्याच्या डोळ्यांत बघणारे ते पहिलेच माणूस होते, त्यामुळे त्याला भरून आले.

"काका, एक गोष्ट लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "काही विचारलं तर बोलायचं नाही. गप्प बसणं हा तुमचा हक्क आहे. गप्प बसलात म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही."

"पण बाई, मी काही केलंच नाही. मग गप्प कशाला बसू?"

"म्हणूनच बसा. काही केलेली माणसं फार बोलतात."

तो गप्प बसला. फौजदारांनी वीस प्रश्न विचारले, त्याने वीस वेळा मान खाली घातली. फौजदारांनी हवालदाराला मजकूर सांगितला, "लिही. आरोपी गप्प राहिला. गप्प राहण्याचा हक्क असतो, ही माहिती सामान्य माणसाला नसते. ती पुस्तिकेच्या पान सातवर आहे. सबब आरोपीने पुस्तिका वाचलेली आहे. वाटप शून्य असताना वाचलेली आहे, सबब ती चोरलेली आहे."

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, त्यांना मी सांगितलं ते!"

"वकील भेटण्याचा हक्क पान चारवर आहे," फौजदार म्हणाले. "तेही लिही."

हे ऐकून किल्लीवाल्याचा संयम सुटला. सव्वीस वर्षे कुलपाच्या भोकात बघत काढलेली असल्यामुळे त्याची नजर नेहमी कमरेच्या खालीच असे, आणि मघापासून त्याला एक गोष्ट दिसत होती. फौजदारांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली काहीतरी निळे होते.

"साहेब, त्या पुस्तिका तुमच्याच टेबलाच्या पायाखाली आहेत!" तो ओरडला. "आणि ती खिडकी आपटू नये म्हणून लावलीय ना, तीपण तीच. आणि हवालदारसाहेब चहाचा पेला ठेवतात, तीपण!"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

फौजदार वाकले, पाहिले, उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. "लिही. आरोपीने स्वखुशीने निवेदन करून चोरीचा माल लपवल्याची ठिकाणे दाखवली. टेबलाखालून सहा, खिडकीतून दोन, पेल्याखालून एक, अशा नऊ पुस्तिका त्याच्या सांगण्यावरून हस्तगत. ठाण्याच्या आतच माल लपवण्याइतका हा निर्ढावलेला आहे."

"साहेब, टेबलाखालच्यांवर तीन वर्षांची धूळ आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"धूळही जप्त करा," फौजदार म्हणाले.

मग किल्लीवाल्याची बायको डबा घेऊन आली. तिचा आणि त्याचा संसार त्या पत्र्याच्या खोक्यावरच उभा राहिला होता, आणि तिने त्याला एकदाही हिशेबाबाहेर काही आणलेले पाहिले नव्हते. ती गजांपाशी बसली आणि बराच वेळ पदराचे टोक गुंडाळत राहिली.

"दातांचे डॉक्टर येऊन किल्ली घेऊन गेले," ती म्हणाली. "शाळेच्या बाईपण. म्हणाल्या, विश्वास आहे हो, पण आपली असू दे आपल्याकडे. दुपारपासून रांगच लागलीय."

"किती राहिल्या?"

"एकोणीस." ती थांबली. मग आवाज अगदी खाली आणून तिने विचारले, "अहो, खरं सांगा. मला तरी सांगा. एखादी... नुसती वाचायला म्हणून आणली होती का?"

किल्लीवाल्याने तिच्याकडे पाहिले. फौजदारांच्या वीस प्रश्नांनी झाले नव्हते ते या एका प्रश्नाने झाले. त्याला रडू आले आणि रडताना तो गप्पच होता, कारण आता हक्क असो वा नसो, बोलायला त्याच्याजवळ काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न्यायालयात नेण्यात आले. मुद्देमाल म्हणून कपाटही हातगाडीवरून आले. बाकी गर्दीत ते एकटेच निर्विकार दिसत होते.

सरकारी वकिलांनी सांगितले की प्रकरण स्वच्छ आहे. आरोपीविरुद्ध एक प्रत्यक्ष साक्षीदार आहे, पंच क्रमांक दोन. न्यायाधीशांनी पंच क्रमांक दोनला बोलावले. आरोपीच्या पिंजऱ्यातून किल्लीवाला निघाला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला.

"हे काय?" न्यायाधीशांनी विचारले.

वकीलबाई उठल्या. "आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, साहेब."

"मग आरोपी स्वतः आरोपी असल्याचा गैरफायदा घेऊन सरकारी साक्षीदार फोडत आहे," सरकारी वकील कळवळून म्हणाले.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. ते मुळात समंजस गृहस्थ होते आणि त्या दिवशी त्यांच्यासमोर अजून त्रेपन्न प्रकरणे होती. "तो मुद्देमाल तरी दाखवा," ते म्हणाले. "एवढं कशावरून चाललंय ते बघू."

लाखेचा शिक्का फोडण्यात आला. मग सर्वांनी हवालदाराकडे पाहिले. हवालदाराने छताकडे पाहिले.

"किल्ली?"

"साहेब, किल्ली ही मुद्देमालाच्या यादीत चौथ्या नंबरची वस्तू आहे," हवालदार म्हणाला. "आणि मुद्देमाल कपाटातच ठेवायचा, असा नियम आहे."

शेवटी न्यायाधीशांनी विचारले की हे कपाट किल्लीशिवाय कोण उघडू शकेल. सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. बराच ऊहापोह होऊन नोंद करण्यात आली की आरोपी क्रमांक एक व पंच क्रमांक दोन यांना तात्पुरते बाजूला ठेवून, सदर इसमाने केवळ किल्लीवाला या नात्याने कपाट उघडावे.

तो खाली बसला तेव्हा वकीलबाई त्याच्या कानाशी वाकल्या. "काका, अकरा सेकंदांत उघडलंत तर आत जाल. समजलं ना? वेळ लावा."

"किती?"

"खूप."

त्याने तारा हातात घेतल्या. मोजल्याशिवाय त्याला काम करता येत नव्हते, म्हणून तो मोजू लागला. सहाला आतली पहिली खीळ त्याच्या बोटांना लागली. नवाला दुसरी. दहाला कुलूप उघडायच्या बेतात आले आणि त्याने मनावर दगड ठेवून तार मागे ओढली. "अकरा," तो म्हणाला, आणि काही झाले नाही. सव्वीस वर्षांत असे कधी घडले नव्हते. "बारा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला.

शंभरावर लोकांनी चुळबुळ केली. पाचशेवर सरकारी वकील हसले. आठशेच्या सुमारास दातांचे डॉक्टर, जे केवळ उत्सुकतेपोटी आले होते, शेजारच्याला म्हणाले, "याच्याकडे आपण किल्ल्या ठेवत होतो!" किल्लीवाल्याने ते ऐकले. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. आपल्या हातून मुद्दाम वाईट काम करून घेणे इतके कष्टाचे असते हे त्याला माहीत नव्हते. उस्ताद आज हयात नाहीत याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

दोन हजार सातशे चारवर कुलूप उघडले. शेवटचा आकडा तो चढ्या आवाजात म्हणाला नाही.

न्यायाधीशांनी घड्याळ पाहिले आणि निकाल सांगितला. किरकोळ कुलूप उघडायला ज्याला पाऊण तास लागतो असा अनाडी इसम अकरा सेकंदांत चोरी करेल, हे बुद्धीला पटत नाही. सबब आरोपी निर्दोष. न्यायालयात एकच कुजबुज झाली. वकीलबाईंनी किल्लीवाल्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "जिंकलो, काका!" त्यांना खरोखर आनंद झाला होता. त्याने मान हलवली.

आता किल्लीवाला रोज खोक्यात बसतो. पाठीमागच्या फळीवर अठ्ठावन्न खिळे आहेत आणि एक किल्ली आहे. ती त्याच्या स्वतःच्या घराची, बायकोने आणून टांगली. त्या प्रश्नाबद्दल ती पुन्हा कधी काही बोलली नाही, पण ती किल्ली रोज स्वतः पुसते. गावात दोन तट पडले आहेत. न्यायालयावर विश्वास नसलेले लोक म्हणतात की हा चोर आहे, याच्याकडे काम देऊ नये. न्यायालयावर पूर्ण विश्वास असलेले म्हणतात की हा चोर नाही, हे सिद्धच झाले आहे, याला कुलूप उघडता येत नाही, याच्याकडे काम देऊ नये.

मागच्या आठवड्यात हवालदार आला होता. पुस्तिका परत मिळाल्या, कपाटात ठेवल्या, कुलूप लावले, आणि आता पुन्हा पाहणी समिती यायची आहे.

"चला की," तो म्हणाला. "किल्ली आत राहिलीय."

किल्लीवाला काही बोलला नाही. पुस्तिकेच्या पान सातवर जे आहे ते त्याला आता नीट समजले होते.

आता उरला प्रश्न तुमचा. समजा, उद्या तुमच्या दाराचे कुलूप अडकले, गावात दुसरे कोणी नाही, आणि तुम्ही नाइलाजाने त्याला बोलावले. त्याने मांडी घातली, मोजायला सुरुवात केली, आणि या वेळी हातांना आवर न घालता, तुमच्यावर विश्वास ठेवून, अकराला दार उघडले. तो निर्दोष आहे हे तुम्ही आत्ताच सबंध वाचले आहे. तरी तो गेल्यावर घरातल्या वस्तू तुम्ही मोजाल की नाही? उत्तर देण्याची सक्ती नाही. गप्प बसण्याचा हक्क तुम्हालाही आहे. फक्त गप्प बसलात, अशी नोंद होईल.